मास्तरांच्या दंडाचं माप

सिरॉसिसच्या पेशंटचं वजन हा एक नंबरचा खोटारडा आकडा आहे, असं आहारबाई प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायच्या. पोटात पाणी साठतं, पायांवर सूज चढते, काटा वर वर जातो आणि घरचे खूश होतात, की बघा, आता अंगाला लागायला लागलं. आत माणूस मात्र वाळत चाललेला असतो. म्हणून जिथे पाणी साठत नाही तिथे बघायचं. दंड बघायचे, कानशिलं बघायची, गळ्याची हाडं बघायची. पंधरा वर्षं लिव्हरच्या वॉर्डात काढून त्यांनी हे शास्त्र इतकं पक्कं केलं होतं, की दारातून आत येणाऱ्या माणसाकडे एकदा पाहून त्या त्याच्या जेवणाचा अंदाज बांधत आणि तो सहसा चुकत नसे.

तर अशा या बाईंना एका शिंप्याने फसवलं.

त्याला सगळे मास्तर म्हणत. वय पंचावन्न, अंगाने उंच, बोलायला गोड. कधीकाळच्या काविळीने त्याचं लिव्हर हळूहळू निकामी केलं होतं. ‘दारूचा थेंब नाही हं, मॅडम’ हे तो खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकायचा, कारण सिरॉसिस म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत काय येतं ते त्याला पाठ झालं होतं. बरोबर त्याची बायको होती. काकू म्हणावं अशी, शांत, हातात औषधांची पिशवी आणि पिशवीत एक वही. या काकू आपल्या लिव्हरचा तुकडा नवऱ्याला देणार होत्या. त्यांच्या सगळ्या तपासण्या पाच महिन्यांपूर्वी होऊन त्या पास झाल्या होत्या. आता पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची बैठक बसणार आणि तारीख ठरणार. त्याआधी बाईंनी एका कागदावर एवढंच लिहून द्यायचं होतं, की हा माणूस ऑपरेशन सोसेल का. खंगलेल्या माणसाला टेबलावर घेतलं तर ऑपरेशन उत्तम होतं आणि माणूस जातो. बाईंनी हे दोनदा पाहिलं होतं. त्यामुळे त्या कागदाला त्या जपून हात घालत.

पण त्या दिवशी बाहेर अकरा माणसं बसली होती. बाईंच्या खोलीत एक वजनकाटा, दोन खुर्च्या, भिंतीला उंचीची पट्टी आणि एक कुरकुरणारा पंखा. काकूंनी वही उघडून दाखवली. रोज सकाळी त्या नवऱ्याला काट्यावर उभं करत आणि आकडा लिहीत. दोन महिन्यांत चार किलो वाढले होते. बाई म्हणाल्या की यात पाणी बरंच असणार. काकू म्हणाल्या, असेलच थोडं, पण चेहऱ्यावर तेज वाटतं की नाही? जेवणाचं विचारलं तर काकूंनीच उत्तर दिलं, की सगळं पथ्याचं, डॉक्टरांनी सांगितलं तसं, एक कणही इकडचा तिकडे नाही. मास्तरांनी मान डोलावली. बाईंनी ‘पथ्य चालू’ असं लिहिलं. पथ्य म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं राहून गेलं.

मग नेहमीचा प्रश्न आला. कपडे सैल झालेत का? हा प्रश्न बाईंचा लाडका. माणूस भुकेबद्दल खोटं बोलेल, वजनाबद्दल खोटं बोलेल, पण लोंबणारी बाही खोटं बोलत नाही, असं त्या शिकाऊ मुलींना सांगत. मास्तरांनी दोन्ही हात पसरून दाखवले. शर्ट इतका नेमका बसला होता, की दुकानाच्या काचेत उभं करावं. खांद्याची शिवण खांद्यावर, बाही दंडाला धरून, मनगटाशी बटण. सैलपणाचं नाव नाही.

पंजाची ताकद मोजायचं यंत्र दिलं तर मास्तरांनी ते एकतीस किलोपर्यंत दाबलं. चाळीस वर्षं जाड कापडावर कात्री चालवलेला हात तो; ती ताकद धंद्याची, अंगाची नव्हे, हे बाईंना तेव्हाच सुचायला हवं होतं. खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठायला सांगितलं, तेव्हा तिसऱ्यांदा मास्तर थांबले आणि पोटाकडे बोट दाखवून हसले. एवढं पोट घेऊन कोणालाही जड जाईल, म्हणून बाईंनी ते सोडून दिलं. आणि शेवटी दंड मोजायला टेप काढला, तेव्हा मास्तरांनी तो त्यांच्या हातातून हलकेच काढूनच घेतला. टेप असा धरतात होय, मॅडम? एक टोक दातांत धरून त्यांनी एका हाताने, बाहीवरूनच, क्षणात माप घेतलं आणि सांगितलं, अकरा इंच. इतकं सफाईदार काम पाहून बाई चक्क हसल्या. अकरा इंच म्हणजे अठ्ठावीस सेंटीमीटर, असं त्यांनी लिहिलं. पेशंटने स्वतःच्या अंगाचं माप स्वतः घेतलं आणि ते आपण कागदावर उतरवलं, हे कोणी त्यांना दुसऱ्याबद्दल सांगितलं असतं तर त्यांनी त्याची दिवसभर खरडपट्टी काढली असती.

‘थोडा अशक्तपणा. ऑपरेशनला हरकत नाही.’ कागद गेला मोठ्या डॉक्टरांच्या फायलीत.

बैठकीच्या आदल्या दिवशी मास्तरांना पोटातलं पाणी काढायला भरती केलं. सकाळी सुई लावली आणि दुपारपर्यंत आठ लिटर पाणी निघालं. जेवणाच्या वेळेनंतर बाई वॉर्डात फेरी मारायला गेल्या आणि खिडकीजवळच्या खाटेपाशी येऊन थांबल्या. त्यांना वाटलं, खाट चुकली.

हॉस्पिटलचे कपडे कोणालाच होत नाहीत. सगळ्यांसाठी एकाच मापाचा, अर्ध्या बाह्यांचा निळा अंगरखा. त्या अंगरख्याच्या भोकांतून मास्तरांचे दोन दंड बाहेर आले होते. वरून खाली सारखेच, नळीसारखे. गळ्याच्या हाडांखाली खळगे पडले होते. पोट ओसरलं होतं आणि त्याबरोबर माणसाचा सगळा थाटही ओसरला होता. मास्तर जागे होते. बाईंनी पाहिलेलं त्यांनी पाहिलं आणि चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आता उघडून झाली होती.

बाईंनी खिशातून टेप काढला. या वेळी मास्तरांनी तो मागितला नाही. साडेआठ इंच भरले.

खाटेच्या डोक्याशी खुंटीवर त्यांचा शर्ट टांगलेला होता. बाईंनी तो खाली घेतला आणि बाही उलटी केली. आतल्या बाजूला शिवणीला समांतर आणखी एक शिवण होती. तिच्या आत आणखी एक. मग आणखी एक. दर खेपेला बोटभर कापड आत घेतलेलं, जुने टाके उसवलेले आणि त्यांच्या भोकांची ओळ तशीच राहिलेली. बाईंनी बोटाने मोजलं. चार ओळी. बाजूच्या शिवणी मात्र उलट सोडत सोडत नेल्या होत्या, पोटाला जागा करत. पंधरा वर्षांत कोणाच्या खंगण्याचा इतका व्यवस्थित हिशेब बाईंना कुठल्या फायलीत सापडला नव्हता.

“किती दिवसांत हे?” बाईंनी विचारलं.

मास्तरांनी छताकडे पाहिलं. “वर्ष झालं. थोडं जास्तच म्हणा. तीन महिन्यांनी एकदा मशीनवर बसायचो. तिला वाटायचं, अंगात त्राण आलं, काम हातात घेतलं.”

“आणि मला का फसवलंत?”

“तुम्हाला नाही फसवायचं होतं, मॅडम. तुम्ही तिच्यासमोर विचारलंत.”

मग मास्तरांनी सगळं सांगितलं, सावकाश, दम घेत घेत. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना एकदा भ्रम झाला होता. घरच्या घरात वाट चुकले, कात्री समजून चमच्याने कापड कापायला बसले. तेव्हा ज्या डॉक्टरांनी पाहिलं त्यांनी लिहून दिलं होतं की अंडी, मासे, दूध, डाळी बंद. पुढे सांगेपर्यंत. पुढे ते डॉक्टर बदलून गेले, भ्रम पुन्हा झाला नाही आणि ‘पुढे सांगेपर्यंत’ सांगायला कोणी आलंच नाही. काकूंनी तो कागद स्वयंपाकघरात चिकटवला आणि देवाज्ञा पाळावी तसा पाळला. उकडलेल्या भाज्या, पातळ सूप, मऊ भात, पाव. संध्याकाळी सातला जेवण आणि मग सकाळी नऊपर्यंत पोटाला विश्रांती, कारण पोटाला विश्रांती हवी असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. नवऱ्याला पुन्हा भ्रम झाला नाही, तो आपल्या पथ्यामुळेच, असा त्यांचा विश्वास होता. तो खोटा आहे हे त्यांना दाखवायला कोणी नव्हतं, आणि हीच पंचाईत होती.

बाईंना सगळं लख्ख दिसलं. आजारी लिव्हर रात्रीसाठी शिधा साठवून ठेवू शकत नाही. चौदा तास पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचेच स्नायू तोडून चूल पेटवतं. वर ज्यातून स्नायू बनतात ते सगळं खाणं बंद. हा माणूस रोज थोडा थोडा स्वतःलाच खात होता, आणि त्याची बायको मायेने शेजारी बसून वाढत होती.

बाई म्हणाल्या की त्यांना आजच्या आज कागद बदलावा लागेल. तारीख दीड-दोन महिने पुढे जाईल, तोवर खाऊन अंगात बळ आणायचं. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. पुढे जाऊ दे तारीख, ते म्हणाले. मग त्यांनी बाईंचा हात धरला, आणि त्या पकडीत कात्रीवाल्या हाताचा जोर अजून होता.

“फक्त तिला कारण सांगू नका. काहीही सांगा. डॉक्टर रजेवर आहेत म्हणा. रोज सकाळी वजन वाढलं की ती हसते. हे असं आहे कळलं, तर जन्मभर म्हणेल, मीच उपाशी ठेवलं.”

बाईंना मास्तरांचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. रागाच्या तळाशी आणखीही काहीतरी होतं, कारण त्यांच्या घरी त्यांच्यासाठी कोणी असं खोटं बोललं नसतं. पण जेवण बदलायचं तर ते रांधणाऱ्याला न सांगता कसं बदलणार? आणि कारण न सांगता सांगितलं, तर चौदा महिने एका कागदावर निष्ठा ठेवणारी बायको दुसरा कागद का मानेल? बाईंनी तसं मास्तरांना सांगितलं. त्यांनाही ते कळत होतं.

तेवढ्यात काकू औषधं घेऊन आल्या. पोट उतरलेलं पाहून आधी त्यांचा चेहरा उजळला, मग नजर दंडांवर गेली आणि तिथेच राहिली. बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण काही गाळलं नाही. आठ लिटर पाणी म्हणजे आठ किलो. पहिला सल्ला त्या वेळेपुरता दिलेला होता, तो थांबवायला हवा होता आणि थांबवला नाही तो आम्ही लोकांनी, तुम्ही नाही. मागच्या आठवड्यात मीसुद्धा पथ्य म्हणजे काय हे विचारलं नाही. चूक वाटून घ्यायची तर माझा वाटा आधी.

काकूंनी पिशवीतून वही काढली, शेवटच्या आकड्यातून मनातल्या मनात आठ वजा केले आणि पहिलं पान उघडून पाहिलं. मग वही मिटली. त्या रडतील असं बाईंना वाटलं होतं. त्या नवऱ्याकडे वळल्या.

“तीस वर्षं आमटीत मीठ चिमूटभर कमी पडलं तर ताट सरकवत होतात,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “आणि उपाशी मरायची वेळ आली तेव्हा शहाण्यासारखे गप्प बसलात. एवढ्याच एका वेळी.”

“तू इतक्या मनापासून करत होतीस,” मास्तर म्हणाले.

“मनापासून करत होते म्हणूनच सांगायचं होतंत.”

काकूंनी चादर बाजूला करून त्यांचा दंड हातात घेतला. तो त्यांच्या मुठीत जवळजवळ मावत होता. समोरच्या खाटेवरच्या माणसाने समजूतदारपणे तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाईंनी नवा कागद काढला आणि लिहायला घेतलं. दर दोन-तीन तासांनी खायचं. सकाळी उठल्या उठल्या काहीतरी. रोज अंडी, दही, डाळ, मासे, मीठ मात्र बेतानेच. झोपण्यापूर्वी दूध आणि पाव, आणि हे कधीही चुकवायचं नाही. भ्रम होईल ही भीती काकूंनी दोनदा बोलून दाखवली आणि बाईंनी दोन्हीदा तिला न टाळता उत्तर दिलं, की त्यावर आता वेगळं औषध चालू आहे, पोट साफ ठेवायचं, आणि उपासमारीने भ्रम वाढतो, कमी होत नाही. लिहिता लिहिता, वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून त्यांनी सहज विचारलं, “आणि तुम्ही काय जेवायचात, ताई?”

“मी? हेच की.”

बाईंचं पेन थांबलं. “हेच म्हणजे?”

“यांचंच. यांच्यासमोर मी मासे तळायचे आणि यांनी सूप प्यायचं? घशाखाली उतरलं नसतं. यांच्या ताटात जे, ते माझ्या.”

“चौदा महिने?”

“हो. मला काय धाड भरली आहे? माझं लिव्हर तर चांगलं आहे.” काकू थोड्या अभिमानानेच बोलल्या.

बाईंनी त्यांच्याकडे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. काकूंनी अंगावर जाड स्वेटर घातला होता, गरमीच्या दिवसांत. मागच्या आठवड्यातही हाच होता. देणारी म्हणून त्यांची तपासणी झाली त्याला पाच महिने झाले होते, आणि देणाऱ्याच्या अंगातही ऑपरेशन सोसायचं बळ लागतं. इतके दिवस सगळ्यांचे डोळे खाटेवरच्या माणसावर होते. बाई म्हणाल्या, जरा स्वेटर काढता का.

“तिचं कशाला?” मास्तर उशीवरून म्हणाले. “तिचं माप मला पाठ आहे. लग्नापासून तिचे सगळे कपडे मीच शिवले. दंड सव्वाअकरा. झोपेतून उठवून विचारा.”

काकूंनी स्वेटर काढला. बाईंनी टेप गुंडाळला, आकडा पाहिला, टेप सोडून पुन्हा गुंडाळला.

“साडेनऊ,” त्या म्हणाल्या.

मास्तर कोपरावर टेकून उठले. त्यांना ते जड गेलं, पण कोणी आधार द्यायच्या आत ते उठून बसले होते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढताना बघून माप सांगणारा हा माणूस. वर्षभर दर तीन महिन्यांनी त्याने स्वतःच्या बाह्या उसवल्या आणि शिवल्या होत्या, बायकोला कळू नये म्हणून. बायको समोरच बसून जेवत होती. तो तिच्या दंडाकडे बघत राहिला.

“मी बघितलंच नाही गं,” तो म्हणाला.

काकूंनी स्वेटर पुन्हा अंगात चढवायला घेतला आणि एक बाही उलटी झाली म्हणून तिच्याशी झटापट करत बसल्या. बाईंनी कागदावर पाहिलं. वर मास्तरांचं नाव होतं. ते त्यांनी खोडलं नाही. खाली रेघ मारली, काकूंचं नाव लिहिलं आणि त्यापुढे तेच सगळं पुन्हा लिहिलं, ओळीने. बैठकीत उद्या दोघांबद्दल सांगावं लागणार होतं. मोठे डॉक्टर चिडतील, आधीचा कागद समोर ठेवतील, आणि बाईंना तो आपलाच असल्याचं कबूल करावं लागेल. दोन महिने लागतील, कदाचित तीन. एवढा वेळ मास्तरांच्या लिव्हरकडे आहे का, हे त्या वॉर्डात कोणालाच माहीत नव्हतं, आणि बाईंनी ते तसंच सांगितलं.

स्वयंपाकघरातली मावशी मधल्या वेळचं खाणं घेऊन आली. एका पेशंटचं खाणं बाईंनी सकाळीच बदललं होतं; त्याचं उरलेलं उकडलेलं अंडं त्यांनी मास्तरांच्या ताटलीत ठेवायला लावलं. चौदा महिन्यांनी समोर आलेलं अंडं. मास्तरांनी ते सोललं, चमच्याने बरोबर मधोमध दोन तुकडे केले आणि एक तुकडा बायकोपुढे धरला. काकूंनीही सवयीने हात पुढे केला.

“नाही,” बाई म्हणाल्या. “अर्धं-अर्धं आता बंद. एकेक अख्खं.”

त्यांनी मावशीला दुसरं अंडं आणायला पाठवलं, शेजारच्या खाटेचं स्टूल ओढून घेतलं, आणि दोघांच्या ताटल्या रिकाम्या होईपर्यंत तिथून उठल्या नाहीत.